चेन रूल सरावसंच : प्रकल्प नोंदी

पुण्यातल्या ज्युनिअर कॉलेजांत दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून सायन्सला येणारी मुलं बरीच असतात. संयुक्त फंक्शनच्या, म्हणजे एकात एक बसवलेल्या फंक्शनच्या, डेरिव्हेटिव्हवर त्यांच्यासाठी एक सरावसंच तयार होतोय, त्याच्या या नोंदी. लिहिण्याची पद्धत अशी: चल क्ष, घातासाठी ^ ही खूण, लॉग म्हणजे ई पायाचा लॉग, कोन रेडियनमध्ये, पाय म्हणजे π. बाहेरचं फंक्शन फ, आतलं ग, आणि आतल्याला तात्पुरतं नाव द्यायचं असेल तर उ.

२ जून २०२५

व्याप्ती ठरवली. राज्य मंडळाच्या बारावीच्या गणित भाग २ मध्ये डिफरन्सिएशन हे पहिलं प्रकरण आहे आणि त्याची सुरुवातच संयुक्त फंक्शनपासून होते. बेरीज, गुणाकार, भागाकार यांचे नियम अकरावीत झालेले असतात, ते येतात असं धरून चालायचं. इनव्हर्स, इम्प्लिसिट, पॅरामेट्रिक हे सगळं संचाबाहेर. ते चेन रूलवरच उभं आहे हे खरं, पण इथला पाया कच्चा राहिला तर तिथे कितीही सराव करून उपयोग नसतो.

चेन रूल हा नियम एका ओळीचा (अक्षरावरची शेंडी ′ म्हणजे डेरिव्हेटिव्ह):

[फ(ग(क्ष))]′ = फ′(ग(क्ष)) × ग′(क्ष)

ही ओळ वर्गात जवळजवळ सगळ्यांना पाठ असते. गणित चुकतं ते तिच्या आधी, फंक्शन वाचताना. समोरच्या राशीत बाहेरचं काय आणि आतलं काय हेच ठरलेलं नसतं. म्हणून पहिल्या सरावपत्रात डेरिव्हेटिव्ह एकही नाही. फक्त वाचन.

५ जून

सरावपत्र १. एकच प्रश्न पुन्हा पुन्हा: क्षची किंमत घालून उत्तर काढत गेलो तर सगळ्यांत शेवटी कोणती क्रिया होते? जी क्रिया शेवटची, ते बाहेरचं फंक्शन.

साइन(क्ष^२) मध्ये क्ष = २ घातलं तर आधी ४, मग साइन ४, म्हणजे −०.७५६८. शेवटची क्रिया साइन. (साइन क्ष)^२ मध्ये आधी साइन २ म्हणजे ०.९०९३, मग त्याचा वर्ग ०.८२६८. शेवटची क्रिया वर्ग. पुस्तकात दुसरी राशी साइन^२ क्ष अशी छापतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. घात साइनला चिकटलेला दिसतो, म्हणून तो आधी होतो असं वाटतं. सरावपत्र १ आणि २ मध्ये ही छपाई वापरायचीच नाही, कंस घालून लिहायचं. तिसऱ्यापासून पुस्तकी छपाई, कारण परीक्षेत तीच येणार.

कॅल्क्युलेटरवर हे करून घेताना एक अडचण आहे. एफएक्स-८२एमएससारख्या कॅसिओवर साइनची कळ आकड्याच्या आधी दाबतात. ‘शेवटची कळ कोणती’ असं विचारलं तर मूल प्रामाणिकपणे ‘वर्गाची’ सांगेल, आणि ते उत्तर साइन(क्ष^२) साठी चुकीचं आहे. कळा दाबण्याचा क्रम हा लिहिण्याचा क्रम असतो, क्रिया होण्याचा नाही. त्यामुळे सूचना अशी दिली: प्रत्येक पायरीनंतर बरोबरची कळ दाबा, पुढची पायरी ‘आन्स’ (आधीचं उत्तर) कळ वापरून करा. मग शेवटच्या ‘बरोबर’च्या आधी काय केलं, ते बाहेरचं.

शेवटची क्रिया कळली की नियमही आपोआप ठरतो. बेरीज-वजाबाकी असेल तर पदं सुटी करून. गुणाकार असेल तर गुणाकाराचा नियम, भागाकार असेल तर भागाकाराचा. यांतलं काहीच नसून घात, मूळ, साइन, लॉग, ई^ असं काही असेल तर चेन रूल. √(१ + क्ष) आणि १ + √क्ष या जोडीसाठी हे फार उपयोगी पडतं: पहिल्यात शेवटी मूळ, दुसऱ्यात शेवटी बेरीज. क्ष^२ × साइन क्ष आणि साइन(क्ष^२) ही जोडी तर हवीच. तेच दोन घटक, पण एक गुणाकार आणि एक संयुक्त. १/(क्ष^२ + ४) इथे शेवटची क्रिया व्यस्त घेण्याची. ती (क्ष^२ + ४)^(−१) अशी लिहून घेतली की भागाकाराचा नियम लागत नाही.

फोड एकाच प्रकारे करता येते असं मात्र लिहायचं नाही. (३क्ष + १)^६ ही राशी उ^६ म्हणून वाचा किंवा उ = (३क्ष + १)^२ धरून उ^३ म्हणून वाचा. पहिल्याने ६(३क्ष + १)^५ × ३. दुसऱ्याने ३(३क्ष + १)^४ × ६(३क्ष + १). दोन्हीकडे १८(३क्ष + १)^५. हे उदाहरण सरावपत्राच्या शेवटी, हुशार मुलांसाठी.

९ जून

सरावपत्र २, नियम लावण्याचा साचा. कागदावर कृती अशी: आतल्या भागावर बोट ठेवायचं. जे उरलं ते साइन(▢) किंवा ▢^५ किंवा √▢ असं दिसतं. त्याचा डेरिव्हेटिव्ह लिहायचा, चौकटीत जे होतं ते जसंच्या तसं परत लिहायचं, मग गुणिले चौकटीतल्याचा डेरिव्हेटिव्ह. बोट उचलल्यावर आतलं बदललेलं नसलं पाहिजे, ही अट ठळक छापायची.

अनेक थरांचं एक उदाहरण पूर्ण सोडवून दिलंय: (साइन √(क्ष^२ + १))^३. बाहेरून आत येताना घन, साइन, वर्गमूळ, क्ष^२ + १ असे चार थर.

घनाचा गुणक: ३(साइन √(क्ष^२ + १))^२
साइनचा: कॉस √(क्ष^२ + १)
वर्गमूळाचा: १/(२√(क्ष^२ + १))
शेवटच्याचा: २क्ष

चारांचा गुणाकार. वर-खालचे २ कटतात आणि ३क्ष × (साइन √(क्ष^२ + १))^२ × कॉस √(क्ष^२ + १) ÷ √(क्ष^२ + १) उरतं. थर चार, गुणक चार. उत्तर तपासण्याची ही सगळ्यांत स्वस्त युक्ती आहे आणि वापरली फार कमी जाते. मधला एखादा गुणक, विशेषतः वर्गमूळाचा, गळाला तर मोजणीतच कळतं.

थर कुठे थांबवायचे? साध्या नियमाने डेरिव्हेटिव्ह काढता येईल असं काही हातात आलं की. क्ष^२ + १ मध्ये शेवटची क्रिया बेरीज, तिथे थांबायचं. काही मुलं क्षलाही थर धरतात. त्याने बिघडत नाही, गुणक १ येतो, पण मोजणी एकाने वाढते.

१३ जून

चुकांची यादी आणि त्यांना क्रमांक. बहुपर्यायी प्रश्नांतले चुकीचे पर्याय यातूनच तयार करायचे, मनाला येतील ते आकडे टाकायचे नाहीत. नमुना (३क्ष + १)^५, बरोबर उत्तर १५(३क्ष + १)^४.

चूक १: ५(३क्ष + १)^४. आतल्याचा गुणक राहिला. सगळ्यांत जास्त दिसणारी.
चूक २: ५ × ३^४ = ४०५. आतल्याच्या जागीच त्याचा डेरिव्हेटिव्ह घातला.
चूक ३: ५क्ष^४ × ३. दोन डेरिव्हेटिव्ह सुटे काढून गुणले. बाहेरचा डेरिव्हेटिव्ह ग(क्ष) वर न काढता क्षवर काढला.
चूक ४: ५ × ३^४ × ३ = १२१५. आतलं बदललंही आणि वर गुणलंही.

चूक १ हा विसराळूपणा आहे, सरावाने जातो. बाकीच्या तिन्ही समजुतीच्या चुका आहेत आणि त्यांचं मूळ एकच: फ′(ग(क्ष)) या चिन्हाचा अर्थ लागलेला नाही. ‘आधी फचा डेरिव्हेटिव्ह काढा, मग त्यात ग(क्ष) घाला’ हा क्रम चिन्हात दडलेला असतो. चूक २ आणि ४ करणाऱ्याला सरावाची वीस उदाहरणं देऊन काही होत नाही. त्याला परत बोट आणि चौकटीकडे न्यायचं. चूक ३ साठी औषध वेगळं आहे, ते दरांच्या सरावपत्रात (२३ जूनची नोंद).

या नमुन्यात तपासणीची एक फुकट सोय आहे. (१ + ३क्ष)^५ द्विपद प्रमेयाने उलगडलं तर १ + १५क्ष + … येतं. क्ष = ० ला डेरिव्हेटिव्ह म्हणजे क्षचा सहगुणक, १५. चारही चुकांची क्ष = ० ला उत्तरं ५, ४०५, ० आणि १२१५. एकही १५ नाही.

१७ जून

तपासणीचा बिंदू कोणता घ्यायचा यावर जास्त वेळ द्यायचं कारण म्हणजे इथे सहज फसगत होते. पद्धत साधी आहे. बिंदूच्या दोन्ही बाजूंना ०.००१ सरकून फंक्शनच्या किमती काढायच्या, वजाबाकी करून ०.००२ ने भागायचं. आलेला आकडा आणि सूत्राचं उत्तर जुळलं पाहिजे.

साइन(क्ष^२) घ्या. बरोबर उत्तर २क्ष × कॉस(क्ष^२). चार चुका क्रमाने: कॉस(क्ष^२), कॉस(२क्ष), २क्ष × कॉस क्ष, २क्ष × कॉस(२क्ष). आता सोयीचे बिंदू बघा.

क्ष = १: बरोबर उत्तर १.०८०६. चूक ३ चं उत्तरही १.०८०६, कारण १ चा वर्ग १, म्हणजे क्ष^२ आणि क्ष एकच.
क्ष = ०.५: बरोबर ०.९६८९. चूक १ चंही ०.९६८९, कारण २क्ष = १ आणि राहून गेलेला गुणक १ च आहे.
क्ष = २: बरोबर −२.६१४६. चूक ४ चंही तेच, कारण २ चा वर्ग आणि २ ची दुप्पट दोन्ही ४.
क्ष = ०: बरोबर ०. चूक ३ आणि ४ दोन्ही ०.

म्हणजे कोणाच्याही मनात पहिल्यांदा येणारे चारही आकडे एकेका चुकीला पाठीशी घालतात. क्ष = १.५ घेतलं तर बरोबर उत्तर −१.८८४५, आणि चुका −०.६२८२, −०.९९००, ०.२१२२, −२.९७००. पाचही वेगळे. तपासणीच्या आकड्यावरून उत्तर चूक आहे एवढंच कळत नाही, कोणती चूक झाली तेही कळतं.

१.५ वरची तपासणी प्रत्यक्षात अशी: १.५०१ चा वर्ग २.२५३००१, त्याचा साइन ०.७७६१८५. १.४९९ चा वर्ग २.२४७००१, त्याचा साइन ०.७७९९५४. वजाबाकी −०.००३७६९, भागिले ०.००२, उत्तर −१.८८४५. सहा दशांश स्थळं लिहून घेतली तर पूर्णांकनाची चूक ०.०००५ पर्यंत जाऊ शकते, म्हणून तीन स्थळांपर्यंतच विश्वास ठेवायचा. चौथं जुळलं तर नशीब. सरकण्याचं अंतर ०.००००००१ इतकं लहान करू नये. लिहून घेतलेली सहाही स्थळं दोन्हीकडे सारखी येतात आणि वजाबाकी शून्य होते. स्प्रेडशीटमध्ये साधारण पंधरा अंक असतात, तिथे ०.००००१ चांगलं चालतं.

सरावपत्रासाठी बिंदू निवडण्याची अट: ग(क्ष) = क्ष नको, ग′(क्ष) = १ नको, ग(क्ष) = ग′(क्ष) नको, ग′(क्ष) = ० नको. बाहेर कॉससारखं सम किंवा आवर्ती फंक्शन असेल तर आणखी योगायोग निघतात, तिथे पाचही आकडे आधी काढून बघायचे. बहुपर्यायी प्रश्नांसाठी ही युक्ती मुलांनाही शिकवायची. सीईटीत गणिताला ९० मिनिटांत ५० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटंही नाहीत. पूर्ण तपासणीला वेळ मिळत नाही. पण चार पर्यायांत एक सोपी किंमत घालून दोन पर्याय उडवता येतात. फक्त ती किंमत १ नसावी.

१८ जून

कॅल्क्युलेटर डिग्रीवर असेल तर कालची तपासणी कोसळते. साइन(क्ष^२) साठी क्ष = १.५ ला −१.८८४५ ऐवजी ०.०५२३ येतं. मूल सूत्रावर संशय घेतं, सूत्र मात्र बरोबर असतं.

हे नुसतं ‘मोड तपासा’ म्हणून सोडून द्यायचं नाही, कारण ते स्वतःच चेन रूलचं उदाहरण आहे. क्ष अंशांचा साइन म्हणजे साइन(पाय × क्ष/१८०). आत पाय × क्ष/१८०, त्याचा गुणक पाय/१८० = ०.०१७४५. म्हणून अंशांत मोजलं तर साइनचा डेरिव्हेटिव्ह नुसता कॉस नसतो, ०.०१७४५ × कॉस असतो. ६० अंशांना ०.००८७. कॅल्क्युलसमध्ये रेडियन का वापरतात, याचं उत्तर या एका ओळीत मिळतं: रेडियनमध्ये तो गुणक १ होतो.

२३ जून

दरांचं सरावपत्र, मुख्यतः चूक ३ साठी. सिंहगड सगळ्यांच्या पायाखालचा, म्हणून तो घेतला. काही मोबाइलमध्ये हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. चढताना तो आकडा कमी होत जातो. किती वेगाने?

गृहीतं: समुद्रसपाटीपासून उंची ह मीटर असेल तर दाब द(ह) = १०१३ × ई^(−ह/८४००) हेक्टोपास्कल. ८४०० मीटर हे ढोबळ प्रमाण आहे, सरावाला पुरेसं. चढणारा ७०० मीटर उंचीवरून निघाला आणि मिनिटाला १० मीटर उंची गाठतोय, तर ट मिनिटांनी ह = ७०० + १०ट. तासाभराने, ट = ६० ला, उंची १३०० मीटर. म्हणजे जवळपास माथा.

द′(ह) = −द(ह)/८४००. १३०० मीटरवर दाब ८६८ हेक्टोपास्कल, म्हणून द′ = −०.१०३३ हेक्टोपास्कल दर मीटर. गुणिले १० मीटर दर मिनिट. उत्तर −१.०३ हेक्टोपास्कल दर मिनिट. मीटर कटले, मिनिट राहिलं. आतल्याचा गुणक विसरला तर उत्तराचं एककच चुकतं, म्हणजे चूक १ इथे लपत नाही.

आता चूक ३ करा. बाहेरच्या डेरिव्हेटिव्हमध्ये उंचीऐवजी वेळ, म्हणजे ६०, घाला. द′(६०) = −०.११९७, गुणिले १०, उत्तर −१.२०. आकडा दिसायला बरा आहे, एककही जुळतं. पण द′(६०) म्हणजे समुद्रसपाटीपासून ६० मीटर उंचीवरचा दर. पुण्यात ६० मीटर उंची कुठून आणणार? शहरच ५५० मीटरच्या वर आहे. चढणारा जिथे आहे तिथला दर हवा, आणि तो आहे १३०० मीटरवर. फ′(ग(क्ष)) मधला ग(क्ष) कशासाठी असतो हे अशा उदाहरणात दिसतं. साइन(क्ष^२) मध्ये क्ष आणि क्ष^२ दोन्ही नुसते आकडे असतात, कोणता कुठे घातला याची खूण उरत नाही.

तपमानाचं उदाहरणही तयार होतं: सरासरी हजार मीटरला ६.५ अंश घट, मिनिटाला १० मीटर चढ, म्हणून मिनिटाला ०.०६५ अंश. पहिल्या प्रश्नाला ठीक. पण तिथे बाहेरचं फंक्शन सरळ रेषा आहे, डेरिव्हेटिव्ह सगळीकडे सारखाच, म्हणून चूक ३ पकडली जात नाही. दरांची बरीच पुस्तकी उदाहरणं अशीच सरळ रेषेची असतात. ती एककांसाठी चांगली, या कामाला निरुपयोगी.

२४ जून

कोणती चिन्हपद्धत, यावर निर्णय. लायब्निट्सच्या (डीवाय बाय डीएक्स) पद्धतीत नियम अपूर्णांकांच्या गुणाकारासारखा दिसतो, एककं नीट कटतात, पण बाहेरचा डेरिव्हेटिव्ह कुठे काढायचा हे लिहिलेलंच नसतं. लाग्रांजच्या शेंडीवाल्या पद्धतीत ते कंसात लिहावंच लागतं, पण एककं दिसत नाहीत. दरांच्या सरावपत्रात पहिली, बाकी सगळीकडे दुसरी. एकाच उदाहरणात दोन्ही मिसळायच्या नाहीत.

बाजूच्या चौकटीत थोडा इतिहास. भास्कराचार्यांनी ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत ग्रहाची तात्कालिक गती काढताना ज्येतला (साइनमधला) बदल कोटिज्या (कॉस) आणि कोनाची गती यांच्या गुणाकाराने घेतला. कोन स्वतः वेळेनुसार बदलतोय, त्याची ज्या हवी: म्हणजे कामाची घडण हीच. लायब्निट्सच्या १६७६ च्या टिपणात वर्गमुळाखाली वर्गराशी असलेलं उदाहरण आहे, आणि त्यात चिन्हाची चूक राहिलेली आहे. ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी.

२७ जून

सिद्धता द्यायची की नाही? द्यायची, पण वेगळ्या पानावर. फळ्यावर सर्रास लिहितात ते असं (य म्हणजे फ(उ)): यमधला बदल भागिले क्षमधला बदल = (यमधला बदल ÷ उमधला बदल) × (उमधला बदल ÷ क्षमधला बदल), मग सीमा (लिमिट) घ्या. यात भोक आहे. क्ष थोडा सरकला तरी उ अजिबात न सरकण्याची शक्यता असते, आणि मग शून्याने भागलं जातं. नेहमीच्या फंक्शनमध्ये हे निभावतं. पण उ = क्ष^२ × साइन(१/क्ष), क्ष = ० ला उ = ०, हे घ्या. शून्यावर डेरिव्हेटिव्ह आहे, तो ० आहे, आणि तरी शून्याच्या कितीही जवळ जा, १/(न × पाय) या बिंदूंवर उ परत ० होतो. तिथे उमधला बदल शून्य.

भोक बुजवायला तीन ओळी पुरतात. ब = ग(क्ष) धरा. क शून्य नसेल तेव्हा म(क) = [फ(ब + क) − फ(ब)]/क, आणि म(०) = फ′(ब). फला ब वर डेरिव्हेटिव्ह आहे म्हणून म शून्यावर संतत आहे. आता फ(ब + क) − फ(ब) = म(क) × क ही समता क = ० लाही खरी आहे, भागाकार कुठेच नाही. कच्या जागी उमधला बदल घाला, दोन्ही बाजूंना क्षमधल्या बदलाने भागा, सीमा घ्या. ग संतत असल्यामुळे उमधला बदल शून्याकडे जातो, म फ′(ब) कडे जातो, उरलेला गुणक ग′(क्ष) कडे. झालं.

त्याच पानाच्या तळाशी एक इशारा. फ आणि ग दोघांना डेरिव्हेटिव्ह असेल तर संयुक्त फंक्शनला असतोच, उलटं मात्र खरं नाही. |क्ष| ला शून्यावर डेरिव्हेटिव्ह नाही, पण त्याचा वर्ग क्ष^२, त्याला आहे. तिथे नियम लागत नाही एवढंच म्हणायचं, डेरिव्हेटिव्ह नाही असं म्हणायचं नाही. आणि |क्ष| स्वतः √(क्ष^२) असं लिहिलं तर शून्य सोडून सगळीकडे चेन रूलने क्ष/√(क्ष^२), म्हणजे क्ष/|क्ष| येतं. छान उदाहरण, दोन ओळींचं.

१ जुलै

चेन रूल लावून लावून तो नको तिथेही लागायला लागतो, म्हणून मिश्र सरावपत्र. साइन(पाय/४) आणि ई^३ हे आकडे आहेत, डेरिव्हेटिव्ह ०. लॉग(५क्ष) चा डेरिव्हेटिव्ह १/(५क्ष) × ५ = १/क्ष. यावर मुलांचा विश्वास बसत नाही, ५ गेला कुठे विचारतात. लॉग ५ + लॉग क्ष असं फोडून दाखवायचं: पहिलं पद आकडा. लॉग(लॉग क्ष) चा १/(क्ष × लॉग क्ष), आणि सोबत क्ष > १ ही अट लिहिल्याशिवाय पूर्ण गुण नाहीत.

क्ष^क्ष हवंच. घाताचा नियम लावणारा क्ष × क्ष^(क्ष − १) लिहितो, म्हणजे परत क्ष^क्ष. घातांकी नियम लावणारा क्ष^क्ष × लॉग क्ष लिहितो. दोघेही चूक, आणि गंमत म्हणजे दोघांची बेरीज बरोबर. ई^(क्ष × लॉग क्ष) असं लिहून आतल्याला गुणाकाराचा नियम लावला की क्ष^क्ष × (१ + लॉग क्ष) येतं.

√(५ − २क्ष) मध्ये उणे चिन्ह गळतं. −१/√(५ − २क्ष) हवं. अशी तीन उदाहरणं, जास्त नकोत.

७ जुलै

छपाई. अप्पा बळवंत चौकात झेरॉक्स काढण्याआधी मूळ प्रत दुरुस्त करणं भाग आहे. डेरिव्हेटिव्हची शेंडी झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये उडते आणि फ′(ग(क्ष)) चं फ(ग(क्ष)) होतं, म्हणजे प्रश्नच बदलतो. शेंडी ठळक करून अक्षरापासून किंचित लांब घेतली. घातातला घात, ई^(क्ष^२) सारखा, १२ च्या टाइपात वाचता येत नाही. ती उदाहरणं १४ मध्ये. मागच्या बाजूची शाई पुढे दिसू नये म्हणून कागद पातळ नको, आणि उत्तरं त्याच कागदाच्या मागे नकोत.

१० जुलै

उत्तरसूची. प्रत्येक उत्तर दोन रूपांत: आधी गुणक जसे निघाले तसे, मग सोपं केलेलं. (साइन क्ष)^२ ला २ × साइन क्ष × कॉस क्ष आणि साइन(२क्ष) दोन्ही. नाहीतर बरोबर उत्तर असूनही मूल खोडतं. पहिल्या रूपालाच पूर्ण गुण, कारण तपासायचं ते तिथेच दिसतं.

(टॅन क्ष)^२ आणि (सेक क्ष)^२ मुद्दाम शेजारी ठेवले. दोन्हींचा डेरिव्हेटिव्ह २ × टॅन क्ष × (सेक क्ष)^२. छपाईची चूक आहे असं वाटून विचारायला येतील, तेव्हा दोन फंक्शनची वजाबाकी करायला सांगायची. ती १ येते.

राहिलेलं: सरावपत्र ४ मधल्या सगळ्या प्रश्नांना तपासणीचे बिंदू ठरवायचे आहेत. लॉग आणि मूळ असलेल्यांत बिंदू फंक्शनच्या प्रांतात (डोमेनमध्ये) आहे का ते आधी बघायचं. √(साइन क्ष) ला क्ष = ४ दिलं तर कॅल्क्युलेटर नुसतं ‘मॅथ एरर’ दाखवेल.